डोळे मिटून बोललेले

मुलींचे बोर्डिंग, अहमदनगर
२ फेब्रुवारी १९७१

प्रिय कृपा,

सलाम. तू बरा असशील, छबू बरी असेल. तुझी जीभ तर ठणठणीत असणारच, म्हणून तिची वेगळी चौकशी करत नाही.

पत्राचं कारण गोड आहे. माझ्या मेरीला कर्जतचं स्थळ आलंय. मुलगा दानीएल शेलार, प्राथमिक शाळेत मास्तर. वडील नाहीत. आई गोजरबाई, तिनेच वाढवला. नाताळात त्याच्या मित्राचा पाय मोडला आणि तो मेरी नर्स आहे त्याच दवाखान्यात पडला होता, त्याला बघायला हा आला. मित्र आठ दिवसांत कुबड्या घेऊन घरी गेला, तरी हे मास्तर पुढचे तीन रविवार दवाखान्यात हजर. मी मेरीला विचारलं, तर म्हणाली, "पेशंटची चौकशी करायला येतात." कुठल्या पेशंटची, ते मी विचारलं नाही.

जानेवारीत गोजरबाई येऊन मेरीला बघून गेल्या. बाई करड्या आहेत, पण मेरी त्यांना आवडली. ईस्टरनंतर सगळे बसून पक्कं करायचं ठरलंय. आणि मेरी, जी दोन वर्षं प्रत्येक स्थळाला नाक मुरडत होती, ती आता मला विचारते, "कर्जतला पाण्याचं कसं असतं गं?"

आता कान इकडे कर. मेरीला लहानपणी फिट यायच्या, हे तुला, मला आणि तिच्या गेलेल्या वडिलांनाच ठाऊक. नवव्या वर्षी थांबल्या. चौदा वर्षांत एकदाही आली नाही. पण हे लोकांच्या कानावर गेलं, तर चौदा वर्षं कोणी मोजणार नाही, फिटच तेवढी धरून बसतील. मी गोजरबाईंना काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. तुझ्या बायकोला, छबूलाही नको.

तिचा मामा म्हणून प्रार्थना मात्र कर. तोंड मिटून केलीस तरी देवाला ऐकू येते, हे लक्षात असू दे.

तुझी,
दीनाक्का

*

तिसगावजवळ, वस्तीवरून
१२ फेब्रुवारी १९७१

प्रिय अक्का,

सलाम. पत्र वाचून डोळे भरून आले. मेरी कालपरवापर्यंत आमच्या गोठ्यात वासराच्या कानात गोष्टी सांगत होती. आता तिला कर्जतच्या पाण्याची काळजी!

तू माझ्या जिभेबद्दल लिहितेस ते मनाला लावून घेत नाही. पण सांगून ठेवतो, या खेपेला मी शब्द पाळला. छबूने चार वेळा विचारले, "अक्कांचं काय पत्र?" मी म्हणालो, खुशालीचे. पाचव्यांदा तिने विचारले नाही, पण त्या दिवशी कालवणात मीठ नव्हते. तेही निमूट खाल्ले.

गेल्या बुधवारची घरप्रार्थना आमच्या ओसरीवर होती. पंधरा-वीस माणसे होती. मेरीची आठवण मी प्रभूपुढे मनापासून ठेवली. बोलता बोलता माझाच गळा दाटला. लोकांनीही मोठ्याने "आमेन" म्हटले. आमच्या शाळेवर नवे मास्तर बदलून आलेत, त्यांच्या आई बनुबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांचे "आमेन" तर सगळ्यांच्या मागून आले, आणि केवढे खणखणीत! प्रार्थनेनंतर त्यांनी मला मेरीचे पूर्ण नाव विचारून घेतले. म्हणाल्या, "मीबी रोज आठवण करीन." अशी माणसे मंडळीत हवीत. कालच्या एस.टी.ने त्या बहिणीकडे कर्जतला गेल्या, नाहीतर त्यांच्याकडूनच शेलारांच्या घराची माहिती काढली असती. परत आल्या की बघतो.

ज्वारी बरी आहे. तुझ्यासाठी हुरडा ठेवला होता, तू आली नाहीस, आम्हीच खाल्ला.

तुझा,
कृपादान

*

अहमदनगर
२६ फेब्रुवारी १९७१

कृपा,

सलाम.

काल गोजरबाईंचं पत्र आलं. तीन ओळींचं. शेवटची ओळ उतरवून देते: "मुलीच्या आजाराचे आमच्या कानावर आले आहे, तरी ईस्टरनंतरचे बसणे तूर्त राहू द्यावे."

तुझ्या त्या खणखणीत आमेनवाल्या बनुबाई कर्जतला ज्या बहिणीकडे गेल्या, ती बहीण कोण असेल, ओळख बघू. तुला सुचेपर्यंत मीच सांगते. गोजरबाई.

त्यांच्या पत्राची पहिलीच ओळ आहे, बहीण बनुबाई येऊन गेली. मी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "मेरीची आठवण मी प्रभूपुढे मनापासून ठेवली." किती छान वाक्य आहे! आता मला फक्त एवढंच हवंय, की ती आठवण कुठल्या शब्दांत ठेवलीस, ते मागेपुढे न करता लिही. गळा कुठे दाटला तेही लिही.

दीना

*

वस्तीवरून
३ मार्च १९७१

प्रिय अक्का,

तू विचारलेस म्हणून लिहितो.

मी असे म्हणालो: "हे प्रभू, आमच्या मेरीला लहानपणी फिट यायच्या, हे तुला ठाऊक आहे. तूच त्या थांबवल्यास. आता तिचे कर्जतच्या शेलारांकडे जमत आहे. तर ही गोष्ट त्यांच्यापासून झाकून ठेव, आणि आमच्या लेकराचे कल्याण कर." गळा "लेकराचे" या शब्दावर दाटला.

अक्का, देवाशपथ, आपण कोणाला काही सांगतो आहोत, असे मला वाटलेच नाही. डोळे मिटले की समोर कोणी नाही असे मला वाटते. तीस वर्षे मी असाच प्रार्थना करत आलो. शेजारच्या कारभारीच्या मुलाने शाळा सोडली, ते मी प्रभूला सांगितले. पुंजाराम आणि त्याच्या भावाचे बांधावरून वाजले, ते सांगितले. लोक म्हणतात, कृपादानभाऊ प्रत्येकाच्या सुखदुःखात प्रार्थना करतात. आता वाटते, ते मला मान देत होते की बातम्या ऐकायला येत होते?

मी उद्याच कर्जतला जातो. पाया पडतो, हवे ते करतो. मेरीला तोंड दाखवायची हिंमत नाही.

तुझा अपराधी,
कृपादान

*

अहमदनगर
९ मार्च १९७१

प्रिय कृपा,

सलाम. कर्जतला पाऊल टाकायचं नाही! तू तिथे जाऊन पाया पडशील, आणि पडता पडता आपल्या आजोबांना दमा होता हेही सांगून येशील.

तुझं पत्र वाचून आधी मला हसू आलं. "ही गोष्ट झाकून ठेव", तेही ओसरीवर वीस माणसांत ओरडून! मग रडू आलं, ते तुला सांगत नाही.

मेरीला मी सगळं वाचून दाखवलं. तिने ऐकलं, टोपी नीट केली आणि ड्यूटीवर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मामाला फार बोलू नकोस." पण कृपा, ती वॉर्डात गुणगुणत काम करायची. तिथल्या बायका मला म्हणाल्या, पंधरा दिवस झाले, सिस्टरचं गाणं बंद आहे. दानीएलच्या दोन पत्रांना तिने उत्तर दिलं नाही. म्हणते, "आधी त्यांच्या आईचं ठरू दे." हे स्थळ मोडलं तर ती मला काही म्हणायची नाही, तुलाही नाही. तेच मला सोसवणार नाही.

आता तुझी शिक्षा. मी मोठी आहे, मला अधिकार आहे. माझा पुढचा शब्द येईपर्यंत चारचौघांत तू फक्त प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली, म्हणायची. आहे तेवढी. मध्ये कोणाचं नाव घालायचं नाही, शेवटी खुलासा जोडायचा नाही. आणि एरवीही तोंड उघडण्याआधी जरा थांब. बैलगाडी फाटकाशी थांबवतोस ना, तशी.

दीनाक्का

*

वस्तीवरून
२८ मार्च १९७१

प्रिय अक्का,

सलाम. शिक्षा चालू आहे. तीन बुधवार झाले.

पहिल्या बुधवारी पाळकसाहेब म्हणाले, "कृपादानभाऊ, प्रार्थनेत चालवा." मी उठलो, प्रभूची प्रार्थना म्हटली, आमेन म्हणून खाली बसलो. सगळ्यांचे डोळे मिटलेलेच. त्यांना वाटले मी दम घेतो आहे. शेवटी कारभारीने एक डोळा उघडून विचारले, "झाली?"

दुसऱ्या बुधवारी पाळकसाहेब घरी आले. "भाऊ, विश्वासात काही अडचण?" मी काय सांगणार? छबू मध्येच म्हणाली, "न्हाई वो साहेब, त्यांचं तोंड आलंय." झाले. दुसऱ्या दिवशी कारभारी जाईची पाने घेऊन आला, पुंजारामने तुरटी पाठवली. पुंजाराम समोर बसून राहिला म्हणून मी गुळण्यासुद्धा केल्या. मग मात्र त्याला खरे सांगितले. म्हणालो, "तोंड बरं हाय. लई बोलत हुतो, म्हणून बंद ठेवलंय." तो विचार करून म्हणाला, "मंग तुरटी चालंल की." छबूला तुझ्या शिक्षेचे सगळे सांगावे लागले. तिने ऐकून घेतले आणि कालवणात पुन्हा मीठ आले.

आता थट्टेचे नाही ते लिहितो. घरप्रार्थनेत मी गप्प बसतो, तेव्हा जे बोललो असतो ते मनात येतेच. गेल्या बुधवारी सहा गोष्टी आल्या. एकेक उलटून पाहिली. यातली देवाला सांगायची एकच होती. बाकीच्या पाच बसलेल्या माणसांसाठी होत्या. पाकिटावर पत्ता देवाचा आणि आत पत्र शेजाऱ्याला. तीस वर्षे मी असे टपाल टाकत आलो. म्हणून आता तोंड उघडण्याआधी विचारतो, हे मी कोणाला सांगतो आहे? उत्तर मिळेपर्यंत बहुतेक वेळा समोरचा निघून गेलेला असतो.

घोडेगावच्या बाजारात कारभारीचा बैल विकायला सोबत गेलो होतो. एका गिऱ्हाइकाने मला विचारले, "पावणं, खोड काय हाय का?" एरवी मी बैलाच्या आजीपासून सुरुवात केली असती. थांबलो. मग म्हणालो, "थंडीत डावा पाय धरतो. बाकी काय न्हाई." कारभारीने माझ्याकडे असे पाहिले, की परत चालत यावे लागणार असे वाटले. पण गिऱ्हाईक म्हणाले, "तुमी खोड सांगितली, आता मी दात बघत न्हाई," आणि बैल घेऊन गेले.

परवा बनुबाई विहिरीवर भेटल्या. मला त्यांचा राग होता, तो नाहीसा झाला. त्यांनी सांगितले ते बहिणीला, प्रेमापोटी. मी ओरडून सांगितले ते वीसजणांना. त्यांच्या सुनेबद्दल त्या म्हणत होत्या की

नाही. राहू दे.

तुझा,
कृपादान

*

अहमदनगर
३ एप्रिल १९७१

प्रिय कृपा,

सलाम.

बनुबाईंच्या सुनेचं काय? अरे, लिहायचं तर पूर्ण लिही, नाहीतर सुरूच करू नकोस! चार दिवस मी तांदूळ निवडताना त्या सुनेचा विचार करतेय. तिला मी कधी पाहिलंही नाही. मग माझंच मला हसू आलं. शिक्षा तुला दिली, पण सवय घरातलीच आहे, नुसती तुझ्याकडे जोरात वाजते.

आणि माझ्या लेकीच्या पत्रात बैल कशाला आणलास रे? मेरीने वाचलं. म्हणाली, "मामाला सांग, माझे दातही चांगले आहेत." महिनाभराने तिच्या तोंडून थट्टा ऐकली.

इथे बोर्डिंगमध्ये गोवर आलाय. अकरा मुली अंथरुणावर. मला हलता येत नाही. मेरीला ईस्टरची चार दिवस रजा आहे, तिला तुझ्याकडे पाठवते.

आता महत्त्वाचं. दानीएलने मेरीला कळवलंय, की त्याची आई ईस्टरला बनुबाईंकडे येणार आहे, तोही येईल. म्हणजे तुझ्या दारात येणारच. हीच एक संधी आहे, आणि ती तुझ्या तोंडी आली, याला मी काय करू?

नीट ऐक. त्यांनी विचारलं, तर म्हण, फिट नव्हे, लहानपणी ताप चढायचा, तापात झटके यायचे, पोरांना येतात तसे. बनुबाईंच्या ऐकण्यात चूक झाली. एवढंच. अर्धं तरी खरं आहेच, ताप तिला कधीतरी आलाच असेल. एवढं एक वाक्य बोल आणि गप्प बस. गप्प बसायचा तर तुला आता चांगला सराव झालाय.

कृपा, चेष्टा बाजूला. ती गुणगुणत नाही रे.

दीनाक्का

*

वस्तीवरून
१३ एप्रिल १९७१

प्रिय अक्का,

सलाम. हे पत्र टपालाने न पाठवता मेरीबरोबर देतो. ती परवा सकाळच्या एस.टी.ने निघेल. पाकीट चिकटवले आहे. तिला आत काय आहे ते ठाऊकच आहे, कारण ती समोर होती.

तुझे वाक्य मी पाठ केले होते. ईस्टरच्या रविवारी चर्चमध्ये गोजरबाई बायकांच्या बाजूला दुसऱ्या चटईवर बसल्या होत्या. पांढरे लुगडे, पाठ ताठ. उपासना सुटल्यावर "सलाम" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. सोमवारी दुपारी बनुबाई, गोजरबाई आणि दानीएल आमच्या ओसरीवर आले. छबूने चहा टाकला. मेरी कपबश्या घेऊन आली. दानीएलने तिच्याकडे पाहिले, मग बशीकडे, मग पुन्हा बशीकडेच.

चहा घेण्याआधी गोजरबाई म्हणाल्या, "भाऊ, परार्थना करा की. तुमची परार्थना लई लांबवर ऐकू येती म्हनं. आमाला कर्जतात ऐकू आली."

बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. मी उठलो. डोळे मिटले. आणि अक्का, मिटल्याबरोबर मला तोच जुना मोह झाला. या अंधारात किती सोयीचे असते! "हे प्रभू, मेरीला लहानपणी ताप यायचा हे तुला ठाऊक आहे" असे म्हटले असते, की तुझे वाक्य त्यांच्या कानात गेले असते आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघावेही लागले नसते. शब्द ओठावर आले होते. मग नेहमीचा प्रश्न विचारला, हे मी कोणाला सांगतो आहे?

मी डोळे उघडले. म्हणालो, "गोजरबाई, परार्थनेआदी तुमच्याशी बोलायचं हाय. देवाशी मागनं बोलतो. मेरीला चवथ्या वरसापासनं फिट येत हुत्या. नगरच्या डाक्टरीणबाईंनी औशीद दिलं. नववं लागल्यावर थांबल्या. आज चौदा वरसं झाली, एकबी न्हाई. तुमाला हे आमी पयल्यांदाच सांगायला पायजे हुतं. न्हाई सांगितलं. माफ करा."

गोजरबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

गोजरबाई म्हणाल्या, "फिट येत हुत्या त्याचं मला लई न्हाई वाटलं. माझ्या नवऱ्याला धा वरसं खोकला हुता, मी काय टाकून दिला का? वाईट कशाचं वाटलं, सांगू? तुमी देवालाच म्हनला, ह्यांच्यापासनं झाकून ठेव. म्हंजे देव तुमचा आन आमी कोन? रोज त्याच्याच पाया पडतो की आमी. त्याला तुमी आमच्या आड उभा केला."

अक्का, इतके खरे मला कोणी पाळकानेही कधी सांगितले नाही. मी म्हणालो, "चुकलो." दुसरे काही सुचले असते तरी बोललो नसतो.

मग त्या मेरीकडे वळल्या. "पोरी, तुला भ्या वाटतं का गं? परत येईल म्हनून?"

मेरी म्हणाली, "लहान होते तेव्हा वाटायचं. आता त्याचं नाही वाटत. आता तुमचं वाटतं."

बनुबाई हसल्या. दानीएलला ठसका लागला. गोजरबाई हसल्या नाहीत. दानीएलकडे हात करून म्हणाल्या, "ह्याला काय इचारायचं, हा तर नाताळापासनं व्हय म्हनून बसलाय." मग मला म्हणाल्या, "करा आता परार्थना."

मी म्हणालो, "प्रभू, आमचं बोलून झालं. आता तू बोल. आमेन."

चहा निवला होता, तो सगळ्यांनी तसाच घेतला. जाताना मी विचारले, "मग काय समजू?" त्या म्हणाल्या, "घरी जाऊन सांगते." एवढेच. मेरी तोंड फिरवून कपबश्या विसळत होती, मघापासून तीच बशी.

तर अक्का, मी तुझे ऐकले नाही. पहिल्यांदा बोलू नये तिथे बोलून बिघडवले, आता तू सांगितलेले न बोलता बिघडवले असेन. ताप म्हणायला तू सांगितले होतेस, हे मात्र मी कोणाला सांगितले नाही. ते सांगायचे तर तू सांगशील, ते माझे नाही. तू कितीही बोल, मी ऐकून घेईन. पण पुन्हा ती दुपार आली, तर मी हेच करीन, एवढे आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
कृपादान

*

अहमदनगर
१४ एप्रिल १९७१

प्रिय कृपा,

सलाम. तुझं पत्र अजून हातात नाही. तरी लिहायला बसले, कारण आज जे झालं ते कोणाला तरी सांगायला हवं, आणि इथे गोवराच्या मुलींशिवाय कोणी नाही.

आज दुपारी दार वाजलं. उघडते तो गोजरबाई! हातात पिशवी, पायांवर धूळ. दानीएलला स्टँडवर बसवून एकट्या आल्या होत्या. म्हणाल्या, "कर्जतच्या गाडीला येळ हाय, म्हनलं बघून जावं." मी म्हटलं, आत गोवर आहे. म्हणाल्या, "मला झालाय, तुमच्या जन्माआदी."

कृपा, माझी काय अवस्था झाली असेल, विचार कर. तू तिथे "ताप" म्हणाला असशील, असं मी धरून चालले होते. तूच तो, सांगितलेलं काम करणारा. म्हणजे मी आता फिट म्हटलं तर माझा भाऊ खोटा पडतो, आणि ताप म्हटलं तर मी. आणि या बाई विचारतच नव्हत्या! खोल्यांतून फिरल्या. पुरळ आलेल्या पोरींच्या कपाळावर हात ठेवत गेल्या. एकीला पाणी पाजलं. मी मागे मागे, ते वाक्य जिभेवर धरून.

शेवटच्या खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यांच्या आयाबापांना कळवलंय का?"

मी म्हटलं, "म्हणजे काय! ज्या दिवशी अंगावर उठतं त्याच दिवशी पत्र जातं. काय झालं, किती झालं, सगळं. पोर त्यांची आहे. आम्ही लपवलं, तर पुढच्या वर्षी पोर कोण पाठवील आमच्याकडे?"

हे मी मेट्रन म्हणून तावात बोलून गेले. बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. एकवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या आयांना पत्रं लिहितेय, सर्दीसुद्धा सोडली नाही. आणि ही बाई माझ्या पोरीची आई व्हायची, तर तिला मी काय लिहिलं? जन्मतारीख आणि पगार.

त्याच खाटेच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. पहिली फिट कुठे आली, चुलीपासून दोन हातांवर. तिचे वडील तिला खांद्यावर टाकून किती चालले. औषध किती वर्षं. आणि हेही सांगितलं, की झाकायला मीच सांगितलं होतं, आणि भावाला ताप म्हणायलाही मीच लिहिलं. म्हटलं, तो म्हणाला असेल तर त्याला बोल लावू नका, तो माझ्या शब्दाबाहेर नाही.

गोजरबाई म्हणाल्या, "तो तुमच्या शब्दाबाहेरच गेला की." आणि सोमवारची सगळी हकीकत मला त्यांच्या तोंडून कळली.

मग म्हणाल्या, "भावानं सांगितलं. पोरीनं सांगितलं. आई काय सांगती, तेवढं बघायचं राहिलं हुतं. म्हनून आले. तुमी ताप म्हनला असता, तर मी पानी पिऊन गाडीला गेले असते."



त्या पाणी प्यायल्या नाहीत. चहा मागितला. तारीख मे महिन्यातली धरू म्हणाल्या, दोन्हीकडच्या चर्चमध्ये लग्नाची जाहिरात तीन रविवार वाचावी लागते, तेवढे मिळतील तशी.

तुला मी बोलणार होते. सांगितलेलं ऐकत नाहीस, मोठ्या बहिणीचा मान ठेवत नाहीस, वगैरे. तयारी सगळी झाली आहे, पण आज राहू दे.

मेरीला अजून यातलं काही ठाऊक नाही. ती उद्या येईल. तिच्याआधी हे आणखी कोणाला कळायला नको, तुलाही नको, म्हणून तिला सांगितल्यावरच पाकीट टपालात टाकीन.

दीनाक्का

ता. क. १५ एप्रिल, सकाळी अकरा. मेरी आली. दारातच सांगितलं. आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "आई, सोमवारपासून मी धड जेवले नाहीये. काय आहे खायला?" आता आत गुणगुणत भाकरी थापतेय. मी इथून ऐकतेय.